तारकाठी, तुराट्या की मोकळं सोडायचं?

प्रश्न : परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे, की जुलैच्या मध्यावर त्यांनी २० गुंठ्यांत टोमॅटो लावला. जमीन काळी, भारी. ओळींत ५ फूट आणि रोपांत दीड फूट अंतर. १०० फुटांच्या ४३ ओळी, प्रत्येक ओळीला ठिबकची एक नळी, मल्चिंग पेपर नाही. रोपं नर्सरीतून आणली, पण पावती हरवल्यानं वाण कोणता ते सांगता येत नाही. गेल्या पावसाळ्यात झाडं मोकळी सोडली होती, तेव्हा निम्म्याच्या आसपास माल वाया गेला. यंदा पतीचं म्हणणं, नारायणगावकडं करतात तशी पूर्ण तारकाठी करू : ७ फुटी बांबू आणि ३ तारा. सासरे म्हणतात, आपल्याकडं टोमॅटोला कधी कुणी काठ्या लावल्या नाहीत, हा खर्च फुकटचा आहे. ताईंच्या मनात मात्र शेतातल्या आखाड्यावर पडून असलेली तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांची गंजी आहे. बांधणी त्या आणि त्यांच्या जाऊबाई करतील, म्हणजे मजुरीही लागणार नाही. लागवडीला १८ दिवस झालेत. कोणता मार्ग धरावा, बगलफूट (पानाच्या बगलेतून निघणारी नवी फांदी) काढावी का, आणि घरामागच्या सात-आठ झाडांचं काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर :

ताई, काठ्या-तारांचा हिशेब मांडण्याआधी गेल्या वर्षीचा निम्मा माल नेमका कसा वाया गेला, ते आठवून पाहा. आधार नव्हता म्हणून नुकसान झालं असं तुम्ही धरून चाललात, आणि त्यात बरंच तथ्य असणार. पण सगळं नुकसान त्या एकाच खात्यावर टाकता येत नाही. फळ जमिनीला टेकलेल्या बाजूनं मऊ पडलं, त्यावर तपकिरी वलयं उठली, उचललं की साल हातात आली, तर ती मातीतल्या बुरशीची सड. झाड उभं राहिलं की हे फळ बहुतेक वाचतं. देठाजवळ गोल किंवा उभ्या चिरा गेल्या असतील, तर उघडिपीत सुकलेल्या झाडाला एकदम जोराचं पाणी मिळाल्याचा तो परिणाम. आणि फळाच्या खालच्या टोकाला काळा, कातड्यासारखा खोलगट डाग पडला असेल, तर फळापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नाही. त्यामागंही बहुतेक वेळा पाण्याचा अनियमितपणाच असतो. या शेवटच्या दोन तक्रारींवर तारकाठीचा काडीचाही उपयोग होत नाही. त्यासाठी पावसाळा आहे म्हणून ठिबक बंद करून विसरून जाऊ नका. उघडीप लांबली आणि वरची माती भेगाळायला लागली की थोडं थोडं पाणी चालू ठेवा.

आधार दिला की झाडाला जास्त फळं लागतात, असंही पुष्कळांना वाटतं. आधाराचं खरं काम लागलेलं फळ हाती येईपर्यंत टिकवणं हे आहे. झाड उभं असलं की पानं लवकर सुकतात, फवारा पानाच्या मागच्या बाजूला पोचतो, फळ पोखरणारी अळी नजरेला पडते आणि पावसाच्या थेंबांबरोबर मातीतून उडणारा करपा खालच्या पानांवर कमी बसतो. त्यामुळं झाड जास्त दिवस जगतं आणि दोन-चार तोडे जास्त मिळतात. गेल्या वर्षीच्या नुकसानीत सडलेल्या फळांचा वाटा मोठा असेल, तर यंदाचा खर्च वसूल होईल. तडकलेली आणि बुडाला काळी पडलेली फळंच जास्त असतील, तर आधी पाण्याकडं बघा.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते मोडीत काढू नका, कारण एका परिस्थितीत ते अगदी बरोबर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला, कमरेच्याही खाली राहणारा झुडपी वाण, कोरडी थंडी आणि झाडाखाली दोन-तीन इंच जाडीचा उसाच्या पाचटाचा किंवा गव्हाच्या काडाचा थर, एवढं असेल तर टोमॅटो मोकळा सोडून चालतो. फळ मातीला लागत नाही आणि पानांच्या सावलीत असल्यानं उन्हाचा चट्टाही बसत नाही. पूर्वी आपल्याकडं टोमॅटो बराचसा असाच निघायचा. तुमची लागवड मात्र जुलैची आहे. पहिला तोडा साधारण ६५ ते ७५ दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी येणार. परतीच्या पावसाचे दिवस तेच. काळ्या रानात त्या दिवसांत पाय ठेवला तर चिखलातून निघत नाही. तिथं पडलेलं फळ चार दिवसही टिकत नाही. म्हणून यंदा मोकळं सोडू नका. पुढं कधी रब्बीत लावलात, तर सासऱ्यांची पद्धत जरूर करून बघा.

मोकळं सोडायचं नाही हे ठरलं, तरी आधार किती उंच हवा याचं उत्तर वाणावर आहे, आणि नेमकं तेच तुम्हाला माहीत नाही. हरकत नाही, झाडच सांगेल. फुलांचे दोन-तीन घोस आले की दोन घोसांच्या मधली पानं मोजा. प्रत्येक वेळी तीन पानं भरत असतील आणि शेंडा वरवर चाललाच असेल, तर वाण अमर्याद वाढीचा. तो ६ फुटांच्याही वर जातो. दोन घोसांत एक-दोनच पानं असतील आणि काही घोसांनंतर शेंड्यालाच फुलं येऊन वाढ थांबली असेल, तर वाण मर्यादित वाढीचा. त्याची उंची अडीच ते साडेतीन फुटांत आटोपते. या दोन्हींच्या मधले, ४ फुटांच्या आसपास जाणारे वाणही पुष्कळ आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक त्यातलाच. १८ दिवसांच्या रोपावर मात्र यातलं काहीच दिसत नाही. पहिल्या घोसापर्यंत अजून आठ-पंधरा दिवस जातील, आणि फरक स्पष्ट व्हायला आणखी दोन आठवडे.

तेवढा काळ थांबायला तर वाव नाही. पतीचं तीन तारांचं नियोजन मला घाईचं वाटतं ते याच कारणानं. झाड ३ फुटांवर थांबणारं निघालं, तर वरच्या दोन तारा वाऱ्यावर नुसत्या वाजत राहतील. त्यांची दिशा चुकीची नाही, फक्त सगळा खर्च आजच करण्याची गरज नाही. बांबू आणि ओळीच्या टोकाचे डांब, म्हणजे जाड खांब, उंचीला पुरेसे घ्या, कारण ते मागाहून बदलता येत नाहीत. तार मात्र सध्या एकच ओढा. शेंडा चालत राहिला तर दुसरी तार तेव्हा वर बांधता येईल.

तुराट्यांचं काय, ते आता बघू. वाळलेली तुराटी चिवट असते, घरची असते आणि साडेचार-पाच फूट सहज मिळते. तिची अडचण जमिनीखाली आहे. ओल्या काळ्या मातीत गाडलेला बुडखा दोन महिन्यांत कुजतो किंवा त्याला वाळवी लागते, आणि ते दोन महिने भरतात तेव्हाच झाडावर माल सगळ्यात जास्त असतो. ओझं किती असतं याचा अंदाज घ्या. तुमच्या एका ओळीत साधारण ६६ झाडं आहेत. एका वेळी प्रत्येकावर अडीच किलो फळं धरली, तरी ओळीवर १६५ किलो भार होतो. त्यात भिजलेला पाला आणि वारा निराळा. नुसत्या तुराट्यांवर एवढं ओझं पेलत नाही. एक मोडली की तिचं ओझं शेजारणीवर येतं आणि ओळीची ओळ झोपते. पण तुराटी वरून तारेला बांधली, तर बुडखा कुजला तरी ती जागची हलत नाही. ओझं तारेनं आणि बांबूंनी घ्यायचं, आणि मधल्या झाडांना सरळ धरायचं काम तुराट्यांनी करायचं. तुमची गंजी अशी वापरली तर बांबूंची संख्या निम्म्यानं कमी होते.

पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, मात्र या कामाला आणू नका, गंजी शेजारी असली तरी. त्यांच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून असते आणि पुढच्या कापसावर तीच जाते.

ताई, तुमच्या पत्रातलं 'मजुरी लागणार नाही' हे वाक्य मला पटलं नाही. मजुरी लागणारच आहे, फक्त ती कुणी मागणार नाही. एकेक झाड काठीला बांधायचं म्हटलं आणि एका झाडाला अर्धा मिनिट धरला, तर २८५० झाडांच्या एका फेरीला जवळपास २४ तास लागतात, म्हणजे वाकून काम करण्याचे तीन-चार दिवस. हंगामात अशा चार फेऱ्या तरी होतात, आणि त्या नेमक्या तूर-सोयाबीनच्या खुरपणीच्या आणि फवारणीच्या धांदलीत येतात. तेव्हा पद्धत निवडताना रुपयांइतकाच हा आकडाही घरात सगळ्यांसमोर मांडा. तार स्वस्त पडते की सुतळी, हे त्यानंतर ठरेल.

बांधणीचे कष्ट कमी करणारी पद्धत अशी आहे. प्रत्येक झाड वेगळं न बांधता ओळीच्या दोन्ही अंगांनी सुतळी ओढून झाडं तिच्यामध्ये धरायची. टोकाच्या डांबाला सुतळीची गाठ मारा. ओळीच्या एका बाजूनं चालत जा. दर बांबूला आणि तुराटीला एक पूर्ण वेढा देऊन सुतळी ताणून घ्या आणि पुढं चला. दुसऱ्या टोकाला वळसा घालून झाडांच्या पलीकडच्या बाजूनं तसंच परत या. झाडं दोन सुतळ्यांच्या मध्ये उभी राहतात, खोडाला गाठ कुठंच बसत नाही. पहिली फेरी जमिनीपासून ९-१० इंचांवर, पुढची प्रत्येक तिच्यावर ८-१० इंचांनी. शेंडा आधीच्या सुतळीच्या वर वीतभर गेला की पुढची फेरी करायची. तो लवंडेपर्यंत थांबायचं नाही. अडीच फुटांचा पीव्हीसी पाईपचा तुकडा घेऊन सुतळी त्यातून ओवली, तर खालच्या फेरीलाही कमरेत वाकावं लागत नाही. पाईपाचं टोक काठीभोवती फिरवलं की वेढा बसतो. तुम्ही एका बाजूनं आणि जाऊबाई दुसऱ्या बाजूनं निघालात, तर ओळ एका चालण्यात पुरी होते. तुमच्या रानाला एका फेरीला वेढे धरून सुमारे २९०० मीटर सुतळी लागेल.

तागाची घ्यायची की प्लास्टिकची? ताग भिजला की आखडतो, सुकला की ढिला पडतो, आणि सततच्या ओलीत दोन-तीन महिन्यांत तुटायला लागतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या या फेऱ्यांना रुंद, चपटी प्लास्टिक सुतळी ठीक. बारीक गोल नायलॉन दोरी वापरू नका, वाऱ्यात ती खोडाला कापते.

आता सामान. एका तारेच्या या मांडणीला तुमच्या २० गुंठ्यांना टोकाचे डांब ८६ लागतील (७ फूट लांब, मनगटाहून चांगले जाड, सुबाभूळ, निलगिरी, कडुनिंब, जे मिळेल ते). दर १० फुटांवर साडेसहा फुटी बांबू धरले तर ते ३८७, म्हणजे ४०० आणा. दोन बांबूंच्या मध्ये दोन तुराट्या, म्हणजे ८६० तुराट्या. तार १४ गेजची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली. एका किलोत साधारण ३९ मीटर भरते. ओळींना ३४ किलो आणि टोकाच्या डांबांना बाहेरून द्यायच्या ताणांना ६ किलो मिळून ४० किलो पुरेल. पुढं दुसरी तार लागलीच, तर ती १६ गेजची चालेल. ती किलोला ६१ मीटर भरते, म्हणजे २२ किलो. पतीच्या नियोजनात १४ गेजच्या तीन तारा धरल्या, तर नुसत्या ओळींनाच १०० किलोच्या वर तार जाते. हे वजन तुमच्या बाजारच्या भावानं गुणून बघा आणि मग बोला. १८ गेजची बारीक तार स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, माल लागला की ती झोळ खाते.

या सगळ्या सामानात सर्वांत जास्त लक्ष टोकाच्या डांबाकडं द्या. तारकाठी पडते तेव्हा दोष बांबूला दिला जातो, पण बहुतेक वेळा सुरुवात टोकाचा डांब आत झुकण्यापासून होते. तो वीतभर झुकला की सगळी तार सैल पडते आणि ओझं बांबूंवर येतं. आपल्या काळ्या मातीत ही भीती जास्त. ही माती ओली झाली की फुगून लोण्यासारखी मऊ होते आणि वाळली की आकसून डांबाभोवती बोटभर फट पडते. म्हणून खड्डा २ फूट खोल घ्या आणि काढलेली काळी माती त्यात परत टाकू नका. मुरूम आणि फुटके दगड टाकत, दर अर्ध्या फुटाला पहारीनं ठासत वर या. डांब ओळीच्या बाहेरच्या अंगाला थोडा कललेला ठेवा. त्याच्यापासून अडीच-तीन फूट बाहेर आणखी एक २ फुटी खड्डा करून १२-१५ किलोच्या धोंड्याला तारेचे दोन वेढे द्या, धोंडा पुरा आणि त्या तारेचं दुसरं टोक डांबाला, ओढायच्या तारेच्याच उंचीवर बांधा. हा ताण दिला नाही तर मुरूमही फार काळ धरत नाही. ताणाच्या तारेला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधून ठेवा. रात्री लाईट आल्यावर मोटार चालू करायला जाणारं माणूस त्यात अडकून पडतं.

बांबू गाडायला वाफसा, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडंही नाही अशी ओल, बघा. चिखलात बांबू हातानंही खाली जातो, पण तो तितकाच सहज बाहेरही येतो. पहारीनं दीड फूट भोक पाडा, जाड टोक खाली ठेवून बांबू बसवा, भोवती माती पायानं दाबा. बांबू वरच्या टोकाला पेराच्या लगेच वर कापलेला असावा. पेराच्या खाली कापला तर वर पोकळ पेला तयार होतो, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि काठी वरून कुजायला लागते. खालच्या दोन फुटांना डांबर किंवा जळकं ऑइल लावून दोन दिवस वाळवलं, तर वाळवी लांब राहते. जागा दोन रोपांच्या मधोमध, बुंध्याला लागून नको. आणि पहार मारण्याआधी ठिबकची नळी हातानं बाजूला सारा. बांबू लावताना ती फुटते आणि झाडं सुकायला लागेपर्यंत ते कळत नाही. पश्चिमेकडच्या कडेच्या दोन-तीन ओळींना बांबू दर सहा-सात फुटांवर घ्या, पावसाळ्यातला वारा आधी त्यांनाच लागतो.

तार जमिनीपासून ३ फुटांवर. एका टोकाला पक्की बांधून दुसऱ्या टोकाकडून दोघांनी पक्कडीनं ओढायची. मधल्या बांबूंना ती बाइंडिंग तारेच्या सैलशा फासात नुसती अडकवा. तिथं आवळून बांधली तर नंतर ढिली पडलेली तार टोकाकडून ताणता येत नाही. खिळे ठोकू नका, बांबू चिरतो. तुराट्या सगळ्यात शेवटी : बुडखा चार-सहा इंच मातीत, वरचं टोक तारेला सुतळीनं घट्ट.

हे सगळं लागवडीच्या २५ ते ३० दिवसांच्या आत उरकलं पाहिजे, म्हणजे तुमच्या हाती सात ते बारा दिवस आहेत. त्याआधी एक बिनपैशाचं काम करून घ्या : मातीची भर. तुमच्याकडं मल्चिंग पेपर नाही, हे इथं फायद्याचं आहे. टोमॅटोच्या खोडाला माती लागली की तिथून नवी मुळं फुटतात आणि झाड बुडाशी घट्ट होतं. खताचा हप्ता देऊन, तण काढून, बुंध्याशी तीन-चार इंच भर लावा, मग पहिली सुतळी ओढा. मुळं पसरायच्या आत काठ्या बसल्या तर ती तुटतही नाहीत.

पावसामुळं उशीर झालाच आणि काही झाडं आडवी पडून शेंडे वर वळले असतील, तर ती सकाळी उचलू नका. सकाळी खोड पाण्यानं भरलेलं, ताठ असतं आणि कडकन मोडतं. दुपारनंतर ते जरा मऊ पडतं. एका दिवसात उभंही करू नका. आज निम्मं उचलून सुतळीवर टेकवा, दोन दिवसांनी सरळ करा. पानं ओली असताना मात्र कोणत्याही वेळी हात लावायचा नाही, कारण करपा आणि जिवाणूंचे ठिपके ओल्या हातांनी झाडोझाड फिरतात.

बगलफुटीचं उत्तर पुन्हा वाणावर येतं. सगळी बगलफूट काढलीच पाहिजे हा नियम अमर्याद वाढीच्या, उंच तारेवर चढवलेल्या झाडांसाठी आहे. झुडपी वाणाची तशी सफाई केली, तर ज्या फांद्यांवर माल लागायचा त्याच आपण तोडून टाकतो. पहिला फुलांचा घोस दिसला की फक्त त्याच्या खालची फूट काढा (लगेच खालची एक सोडून) आणि जमिनीपासून ८-१० इंचांपर्यंतची, मातीला टेकणारी पानं काढा. यात दोन्ही प्रकारच्या वाणांचं भलंच आहे. वाण उंच जाणारा निघाला, तर पहिल्या घोसाच्या लगेच खालची जोमदार फूट राखून दोन खोडांवर झाड चालवा, आणि वरची फूट दोन-तीन इंचांची असतानाच चिमटीनं मोडत राहा. बोटभर जाड झाल्यावर काढली तर जखम मोठी होते. तसं असेल तर आधी केलेली खालची सफाई आड येईल का, असं वाटेल. म्हणून घोसाच्या लगेच खालची ती एक फूट वाण ओळखेपर्यंत सगळ्याच झाडांवर ठेवा. उन्हाळी लागवड कधी केलीत तर पानांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पडलेल्या फळावर पांढरट, कागदासारखा चट्टा बसतो आणि ते फळ कॅरेटमध्ये घालायच्या लायकीचं राहत नाही.

अमर्याद वाण निघून दुसरी तार ५ फुटांवर घातलीत, तर तीन फुटांच्या वर झाडं सुतळीनं वरच्या तारेला टांगावी लागतील. त्या वेळी खोडाभोवतीचा फास दोन बोटं जातील एवढा सैल ठेवा. आज पेन्सिलीएवढं असलेलं खोड पुढं अंगठ्याहून जाड होतं आणि घट्ट फास त्यात रुततो. फास पानाच्या देठाखाली असावा, फुलाच्या घोसाच्या लगेच खाली नसावा. सुतळी खोडाभोवती प्रत्येक झाडाला एकाच दिशेनं फिरवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी उलटा पीळ देऊन आधीचा सोडवत नाही.

बांधणीला किंवा फूट काढायला जे कुणी येईल, त्यांनी तंबाखू मळलेले हात साबणानं स्वच्छ धुतल्याशिवाय झाडाला लावायचे नाहीत. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही जिवंत राहतो आणि टोमॅटोला लागतो. पानं हिरव्या-पिवळ्या ठिगळांची, आकसलेली दिसली तर ते झाड शेवटी हाताळा किंवा उपटून जाळा. हे घरातल्या मोठ्यांना सांगणं अवघड जातं, हे मला कळतं. ओळीच्या टोकाला बादली आणि साबण ठेवून दिला तर सांगावंही लागत नाही.

घरामागच्या सात-आठ झाडांना तार-डांबाचा खटाटोप नको. प्रत्येक झाडाभोवती तीन तुराट्या रोवून वरची टोकं एकत्र बांधा. तीन पायांवर उभी असल्यानं एक कुजली तरी डोलारा कोसळत नाही. जुन्या सुती साडीच्या दीड-दोन इंच रुंद पट्ट्या फाडून त्यांनी झाड बांधा. पट्टी आधी काठीला बांधायची, मग काठी आणि खोड यांच्यामध्ये एक पीळ देऊन खोडाभोवती सैल घ्यायची, म्हणजे खोड काठीवर घासत नाही. टिकाऊ काही हवं असेल, तर ६ इंची चौकडीच्या वेल्डमेश जाळीचा ५ फूट लांबीचा तुकडा गोल वळवा. दीड फुटाहून थोड्या जास्त रुंदीचा पिंजरा होतो आणि चौकडीतून हात घालून फळ काढता येतं. बारीक चौकडीची कोंबड्यांची जाळी घेतली तर फळ आत दिसत राहतं, हाताला लागत नाही. पिंजऱ्याला एक बांबू बांधून जमिनीत रोवायला विसरू नका.

हंगाम संपल्यावर झाडं उपटण्याआधी प्लास्टिक सुतळी कापून, मोजून गोळा करा. रिकाम्या रानात शेळ्या-गाई सोडल्या की तिचे तुकडे पाल्याबरोबर त्यांच्या पोटात जातात. तीच सुतळी पुढच्या टोमॅटोला वापरू नका, रोग तिच्यावर टिकून राहतात. तुराट्या चुलीला जातील. बांबू आणि तार मात्र लगेच उपटायची घाई नको. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच मांडणीवर दोडका, कारलं किंवा काकडी चढवता येते आणि खर्च दोन पिकांवर विभागला जातो. मिरची, वांगं किंवा पुन्हा टोमॅटो तिथं नको, रोग तेच लागतात. बांबू दुसऱ्या रानात टोमॅटोसाठी न्यायचे असतील, तर चिकटलेली माती आधी ब्रशनं घासून काढा. मातीसकट बुडवले तर औषधाचा जोर मातीतच संपतो. मग दुकानात मिळणारं ४ ते ६ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात अर्धा तास बुडवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि दगडांवर आडवे रचून पत्र्याखाली ठेवा. हे करताना हातमोजे घाला, आणि टब नसेल तर खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरला तरी काम होतं.